काही बदलणार नाही ना?

पोस्टग्रेस हा डेटाबेस तयार करणारी मंडळी फार शिस्तीची आहेत. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या चार महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी ती चुका दुरुस्त केलेली आवृत्ती काढतात आणि या तारखा बऱ्याच आधी जाहीर करून ठेवतात. माझी पहिली तक्रार या शिस्तीबद्दलच आहे. तारखा ठाऊक नसत्या तर निदान 'अहो, कळलंच नाही' म्हणायला जागा राहिली असती. पंचांग मात्र या मंडळींनी कधी उघडलेलं दिसत नाही. २०२३ साली नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार ९ तारखेला आला. त्या दिवशी वसुबारस होती. शेजारच्यांच्या दारात रांगोळ्या निघत होत्या आणि आमच्या दारात १६.१ येऊन उभी राहिली होती. ऑगस्टचा दुसरा गुरुवार हमखास १५ ऑगस्टच्या तोंडावर पडतो, त्यामुळे जोडून रजा टाकून कोकणात जायचा बेत करणाऱ्या माणसाने सर्व्हरच्या नोकरीत पडू नये. मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. सतरावी आली ती २६ सप्टेंबर २०२४ ला, ऐन पितृपक्षात. आमचे साहेब एरवी विज्ञाननिष्ठ आहेत. तरी तेही म्हणाले, "एवढ्यात नको, जरा जाऊ देत." शून्याने संपणारी आवृत्ती कधी घेऊ नये, हे त्यांचं कारण होतं. माझ्या आईचं कारण वेगळं होतं. मुहूर्त तोच निघाला.

मी पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. कंपनीचं नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो. सांभाळतो म्हणजे काय, तर काही होऊ देत नाही. हे काम नीट झालं तर दिसत नाही आणि दिसलं तर ते नीट झालेलं नसतं. डेटाबेसचं पॅकेज अपडेट करायचंय असं नुसतं म्हटलं, की कंपनीतला प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो, "काही बदलणार नाही ना?" अहो, बदलायलाच तर निघालोय. चूक आहे ती जाणार, म्हणजे तेवढं तरी बदलणार! पण असं उत्तर द्यायचं नसतं. "नाही सर, कुणाला कळणारसुद्धा नाही," असं म्हणायचं असतं. मग सर चष्मा काढून विचारतात, "मग करायचंच कशाला?"

कशाला, ते प्रत्येक आवृत्तीसोबतच्या टिपणात लिहिलेलं असतं. पण त्या टिपणाचा सूर असा, की वाचून कुणाचंही धाबं दणाणत नाही. 'क्वचित प्रसंगी', 'विशिष्ट परिस्थितीत' अशी दबकत सुरुवात करून वाक्याच्या शेवटी हलकेच कळवलेलं असतं, की डेटा नाहीसा होऊ शकतो. वरती पहिल्याच परिच्छेदात एक ठरलेलं आश्वासन असतं: छोट्या आवृत्तीसाठी सगळा डेटा बाहेर काढून पुन्हा भरण्याची गरज नाही. हायसं वाटतं. पुढचं वाक्य 'मात्र' असं सुरू होतं. मी आता वरचं आश्वासन वाचतच नाही, थेट 'मात्र' शोधतो.

जून २०२२ मधल्या १४.४ चं 'मात्र' मला पाठ आहे. ती आवृत्ती दुसऱ्या गुरुवारची वाट न पाहताच आली, यावरूनच काय ते समजायचं. इंडेक्स म्हणजे जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशी सूची. नाव बघायचं आणि थेट पानावर जायचं. चालू काम न थांबवता ही सूची नव्याने बांधायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, आणि चौदाव्या आवृत्तीत ती बांधताना काही नोंदी सूचीत यायच्याच राहून जाऊ शकत होत्या. इशारा नाही, लाल अक्षरं नाहीत, लॉगमध्ये ओळ नाही. सगळ्या नोंदी मोजल्या तर भरतात, एखादी नावाने विचारली तर सापडत नाही. ही चूक शिरली कुठून? सूची बांधण्याचा इतर कामांना होणारा अडथळा कमी व्हावा म्हणून केलेल्या एका सुधारणेतून. चौदावी घेताना त्या सुधारणेचं वर्णन मी साहेबांना उत्साहाने वाचून दाखवलं होतं. त्यांच्या ते लक्षात आहे.

आता या टिपणाच्या जोरावर परवानगी काढायची. त्यासाठी चेंज रिक्वेस्टचा फॉर्म असतो. 'परिणाम कुणावर होईल?' या रकान्यात 'सगळ्यांवर' लिहिलं तर फॉर्म मंजुरीसाठी इतका वर जातो, की खाली येईपर्यंत पुढची आवृत्ती निघते. 'कुणावरही नाही' लिहिलं तर 'मग आवश्यकता काय?' असा शेरा मारून परत येतो. म्हणून सगळेजण 'किमान' असं लिहितात. किमान म्हणजे किती, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. त्याखाली रकाना असतो, 'बिघाड झाल्यास पूर्वस्थितीत कसे येणार?' पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्तीत जुनं पॅकेज पुन्हा बसवून बहुतेक वेळा परत येता येतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची आठवी आवृत्ती इतकी उदार नाही. ८.० च्या एका उपआवृत्तीवरून मागच्या उपआवृत्तीवर उतरण्याला तिथे मान्यताच नाही. वर चढलात की वरच. खाली यायचं तर आधी घेतलेला बॅकअप हीच शिडी. २०२४ च्या जुलैत याच मायएसक्यूएलची ८.०.३८ आली. आठ हजारांहून जास्त टेबलं असतील तर ही आवृत्ती सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करताना कोसळायची. चालू असेपर्यंत उत्तम चालायची, हे तिच्या बाजूने म्हणायला हवं. महिना संपायच्या आत ८.०.३९ काढून ते निस्तरलं. पण ८.०.३८ ही सुद्धा दुरुस्तीच होती, आणि तिच्यासाठीही कुणीतरी कुठेतरी 'किमान' असं लिहिलं असणारच.

बॅकअप आहे ना, असं विचारलं की 'आहे' म्हणतात. आहे आणि चालतो या दोन गोष्टींत किती अंतर असतं, ते गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ला साऱ्या जगाला दाखवलं. तिथल्या एका इंजिनियरने थकल्याभागल्या रात्री चुकीच्या सर्व्हरवरची, म्हणजे मुख्य सर्व्हरवरची, डेटाबेसच्या फायली ठेवलेली जागाच पुसली. मग बॅकअप उघडायला गेले तर बॅकअप नव्हतेच. डेटाबेस ९.६ चा आणि बॅकअप घेणारं अवजार ९.२ चं. आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून ते अवजार रोज काम नाकारत होतं. नाकारल्याची ईमेलही निघत होती, पण ती पाठवण्याच्या नियमांत बसत नसल्याने पोचत नव्हती. सुदैवाने कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक नक्कल काढून ठेवली होती, तीवर निभावलं. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं. मोठ्या मनाचे लोक. डेटाबेस अपडेट केला आणि शेजारचं अवजार राहिलं, एवढीच गोष्ट. हा प्रसंग मी बैठकीत सांगितला तेव्हा एकाने विचारलं, "म्हणजे अपडेट केलं नसतं तर हे झालंच नसतं?" तर्कदृष्ट्या बरोबर आहे.

बैठकीला विरुद्ध टोकाचा एक गृहस्थ असतो, सुरक्षेचं ऑडिट करणारा. त्याला सगळं चोवीस तासांत अपडेट झालेलं हवं असतं, कारण त्याच्या स्कॅनरने लाल रंग दाखवलेला असतो. हा स्कॅनर सर्व्हरच्या आत काय आहे ते बघत नाही, दारावरची पाटी वाचतो. आमच्याकडे एका जुन्या प्रणालीखाली मारियाडीबी आहे. मायएसक्यूएल विकलं गेल्यावर त्याचे मूळ कर्ते मॉन्टी विडेनियस यांनी जो वेगळा संसार थाटला, तो हा. पहिल्या डेटाबेसला थोरल्या मुलीचं नाव होतं, माय. दुसऱ्याला धाकटीचं, मारिया. दोघी आता दोन घरांत असतात आणि दिवसेंदिवस एकमेकींना कमी ओळखतात. तर मारियाडीबी दहावर गेला तेव्हा एक अडचण आली. डेटाची नक्कल घेणारे जुने सर्व्हर आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचायचे आणि दहाला एक समजायचे. उपाय काय केला, तर पाटीवर '५.५.५' असं आधी लिहायचं आणि खरी आवृत्ती त्यापुढे. जुने सर्व्हर खूश झाले. स्कॅनर मात्र ५.५.५ वाचतो आणि कळवतो, की तुमच्याकडे २०१० सालचं मायएसक्यूएल चालू आहे, तातडीने बदला. हे मी ऑडिटरला दरवर्षी समजावून सांगतो. तो मान डोलावतो, चहा घेतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे हो सर, पण रिपोर्टमध्ये हिरवं यायला पाहिजे." अकराव्या आवृत्तीपासून ती पाटी बदलली. म्हणजे सुरक्षित होण्यासाठी नव्हे, सुरक्षित दिसण्यासाठी आम्हाला अपडेट करावं लागणार आहे. ते मात्र लगेच मंजूर झालं.

चोवीस तासांत अपडेट करणाऱ्यांचं काय होतं, तेही बघू. १४ नोव्हेंबर २०२४ ला पोस्टग्रेसच्या सगळ्या चालू आवृत्त्यांच्या दुरुस्त्या आल्या. बाराव्या आवृत्तीची ती अखेरची दुरुस्ती होती, पाच वर्षांची सेवा संपली होती. नारळ-शाल देऊन झालं. मग लक्षात आलं, की या दुरुस्तीत एका अंतर्गत रचनेचा आकार किंचित बदललाय, आणि त्या आकारावर विसंबून आधी बांधलेले काही जोडभाग, विशेषतः टाइमस्केलडीबी, नव्या पॅकेजवर कोसळू शकतात. २१ नोव्हेंबरला पुन्हा सगळ्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. निवृत्त बाराव्यालाही बोलावून घेतलं, १२.२२ असा नंबर दिला आणि पुन्हा निरोप दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच. १३ तारखेला सुरक्षेची दुरुस्ती आली आणि २० तारखेला त्या दुरुस्तीची दुरुस्ती. माझा याबद्दल राग नाही. आठवड्यात चूक कबूल करून निस्तरणारी माणसं मी आजूबाजूला फारशी बघितलेली नाहीत. पण दोन्ही वेळा ऑडिटर म्हणाला असता 'उशीर केला' आणि साहेब म्हणाले असते 'घाई केली', आणि दोघांच्याही म्हणण्याला त्या-त्या आठवड्यात पुरावा होता.

याउलट काही चुका अशा असतात, की त्यांना कुणी हात लावत नाही आणि त्या संसाराला लागतात. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' नावाची अक्षरपद्धत होती, ती एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट द्यायची. खऱ्या यूटीएफ-८ ला चार लागू शकतात. देवनागरी अक्षर तिनात बसतं, म्हणून मराठीचं सगळं सुरळीत चाललं. लोक मोबाइलवरून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायला लागले तेव्हा तक्रारी सुरू झाल्या, कारण त्या हातांना चार बाइट लागतात. २०१० साली उपाय निघाला. जुनी चूक आहे तिथेच ठेवली आणि शेजारी 'एमबी४' असं शेपूट लावून खरी यूटीएफ-८ बसवली. याच डेटाबेसमध्ये २००५ साली नोंदवलेली एक चूक आहे: एका टेबलातली नोंद उडाल्यावर नात्याने बांधलेल्या दुसऱ्या टेबलातली नोंद आपोआप उडते, पण अशा वेळी आपोआप चालायला ठेवलेला तिथला ट्रिगर चालत नाही. ती इतकी वर्षं तशीच राहिली, की लोक तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊ लागले. तिने अठरा ओलांडून मतदानाचं वय गाठलं. मॅन्युअलमध्येही तिला मर्यादा म्हणून रीतसर जागा मिळाली. अशा चुकीभोवती कंपन्यांनी आपापली प्रणाली बांधून घेतलेली असते. ती उद्या दुरुस्त झाली, तर कितीकांची घरं बसतील.

खुद्द पॅकेज बसवताना काय होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. डेबियनच्या एका आवृत्तीवरून दुसरीवर जाताना मारियाडीबीचं पॅकेज मध्येच थांबतं आणि कळवतं, की मांडणीची ही फाइल 'तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने' बदललेली आहे. हा आरोप रात्री दीड वाजता होतो. मी बदललेली नाही. पर्याय चार: वाय दाबलंत तर पॅकेजवाल्यांची नवी फाइल, एन दाबलंत तर तुमची जुनी, डी दाबलंत तर दोघींतला फरक आणि झेड दाबलंत तर बाहेर जाऊन स्वतःच काय तो तपास करा. मी डी दाबतो. पडद्यावर एक ओळ वजा चिन्हासह दिसते: एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या घ्यायच्या, त्याचा आकडा ९००. वर कुणीतरी रोमन लिपीत मराठी टिपण सोडलंय: तात्पुरतं आहे, हात लावू नये. कुणी लिहिलं? तो माणूस आता कॅनडात असतो. का लिहिलं? ते त्यालाही आठवत नाही, मी विचारून बघितलंय. त्याला तात्पुरतं म्हणायचं होतं की हात लावू नका म्हणायचं होतं, यातलं एकच खरं असू शकतं, पण रात्री दीड वाजता तत्त्वचर्चा होत नाही. मी एन दाबतो. पॅकेजवाल्यांनाही अनुभव असावा, नुसतं एंटर दाबलं तरी एनच धरतात. कंपनीत गेली कित्येक वर्षं टिकून असलेलं सगळ्यात स्थिर असं काही असेल, तर तो तात्पुरता आकडा.

आणि हे सगळं सांभाळून, डेटाबेसच्या पॅकेजला बोटही न लावता, डेटाबेस बिघडू शकतो. ही माझी सर्वांत जुनी आणि सर्वांत मनापासूनची तक्रार. अक्षरांचा क्रम, म्हणजे कशाच्या आधी काय, हे पोस्टग्रेस पूर्वापार स्वतः ठरवत आलेलं नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसी या लायब्ररीला विचारतं. त्या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय प्रमाणाला धरून नवे केले. २०१९ च्या डेबियन १० मधून ती घरोघरी पोचली. जुन्या नियमात '११' आधी यायचं आणि '१-१' नंतर. नव्यात '१-१' आधी. एवढंच. पण सूची बांधलेली जुन्या क्रमाने आणि शोधणारा चाललाय नव्या क्रमाने. बिल क्रमांक १-१ टेबलात आहे, सूचीतही आहे, पण शोधणारा भलत्या फांदीवर जाऊन 'नाही' म्हणून परत येतो. नाही म्हटल्यावर प्रणाली तेच बिल पुन्हा घालू देते. 'एकच असावं' अशी अट लावलेल्या सूचीत एकाची दोन होतात. उपाय अवघड नाही, मजकुराच्या सगळ्या सूच्या पुन्हा बांधायच्या. पण हे करायचं हे कळायला आधी काहीतरी हरवावं लागायचं. पंधराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस निदान इशारा देतं, की डेटाबेस बांधला तेव्हाचे क्रमाचे नियम आणि आजचे जुळत नाहीत. इशारा लॉगमध्ये येतो. लॉग कोण वाचतं, ते जाऊ दे. बैठकीत हे समजावून सांगताना साहेबांनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "पण आपण तर डेटाबेस अपडेट केलाच नव्हता ना?" नव्हता. "मग?" मग काय.

तर परवाच्या शनिवारी रात्री, सर्व मंजुऱ्यांसह, पोस्टग्रेसची छोटी आवृत्ती बसवली. बॅकअपला काही तास लागले. तो दुसऱ्या सर्व्हरवर उघडून बघायला आणखी काही. अपडेटची आज्ञा एका ओळीची, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागली ती काही सेकंदं. सूच्या तपासल्या, जोडभाग तपासले, लॉग शेवटपर्यंत वाचला. काहीही झालं नव्हतं. अ‍ॅप्लिकेशनवाल्यांना कळवलं, त्यांचा अंगठा आला. अंगठा म्हणजे त्यांनी बघितलं असा अर्थ नाही, ते जागे होते एवढाच.

सोमवारी सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "दादा, शनिवारी तुम्ही काही केलंत का?"

"हो मॅडम, डेटाबेसचं अपडेट होतं. का, काय झालं?"

"नाही, आमचा प्रिंटर कागद ओढत नाहीये."

प्रिंटरचा आणि डेटाबेसचा संबंध नाही हे मी सांगितलं. "नाही हो, पण शुक्रवारपर्यंत ओढत होता," त्या म्हणाल्या. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दुपारपर्यंत सेल्सच्या एकाचा पासवर्ड चालेना, कॅन्टीनच्या कुपनच्या यंत्राने एकाला दोन कुपनं दिली (हे यंत्र कुठल्याही सर्व्हरला जोडलेलं नाही, ते भिंतीतल्या प्लगला जोडलंय), आणि 'शनिवारच्या अपडेटनंतरच्या समस्या' या विषयाने एक ईमेल सुरू झाली, तीत साहेबांना वरती ठेवलेलं. साहेबांनी प्रत्येक समस्येचं मूळ कारण लिहून मागितलं. पासवर्डच्या पुढे मी लिहिलं, 'मुदत संपली होती.' कुपनांच्या पुढे लिहिलं, 'आमच्या कक्षेत नाही.' प्रिंटरपाशी स्वतः जाऊन बघून आलो आणि लिहिलं, 'कागद दमट होता.' ते परत आलं, वर शेरा: पुन्हा असं होऊ नये म्हणून कोणती उपाययोजना?

आता पोस्टग्रेसच्या अपडेटची जी यादी आहे, तीत बॅकअप उघडून पाहणे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करणे या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक नवी पायरी आहे: अकाउंट्सच्या प्रिंटरमधील कागद तपासणे. ही यादी मंजुरीला पाठवली आणि पहिल्यांदाच ती एकही शंका न काढता त्याच दिवशी मंजूर होऊन आली.